मोटारसायकलची चेन घरी बदलताना



प्राचार्यांच्या पानावर या वेळी परीक्षांविषयी काही नाही. मोटारसायकलची चेन घरच्या घरी कशी बदलावी, हा आजचा पाठ आहे. त्याला कारण घडले. मागच्या पावसाळ्यात दहावीतला आपला एक विद्यार्थी उजव्या हाताला मोठी पट्टी बांधून शाळेत आला. वडिलांची गाडी त्याने मेन स्टँडवर लावली, इंजिन सुरू केले, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनला चिंधी धरून ती पुसू लागला. एका मेकॅनिकला असेच करताना त्याने पाहिले होते. चिंधी चेन आणि मागच्या गरारीच्या मध्ये ओढली गेली आणि चिंधीबरोबर तर्जनीही. बोटाचे पहिले पेर गेले. आता तो अंगठा आणि मधले बोट यांत पेन धरतो. अक्षर हळूहळू पुन्हा वळणावर येत आहे. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारूनच मी हे लिहीत आहे.

मुलाला रागावणे सोपे होते. पण मनात आले की याच मुलाने नववीत वेग, काळ आणि अंतर यांची गणिते सोडवली होती, बरोबर सोडवली होती. त्यातलेच एक गणित इथे लागू पडते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. १०० सीसीच्या गाडीचे इंजिन अगदी मंद चालत असले, म्हणजे मिनिटाला साधारण १४०० फेरे, आणि गिअर पहिला असला, तरी चेन सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते. डोळ्यांना ती सावकाशच दिसते. धोका जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चेन १० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आपली तर्जनी पट्टीने मोजून पाहा.

म्हणून बाकीचे सगळे वाचण्याआधी एवढे पाठ करा: इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, गिअर न्यूट्रल. चाक फिरवायचे ते हाताने, टायरला धरून, आणि दुसरा हात चेनपासून दूर ठेवून. वरचे गणित बंद गाडीलाही लागू आहे, कारण जोरात फिरवलेले चाक चटकन थांबत नाही.

थोडे शब्दांविषयी. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि इंदूरच्या मिस्त्री मंडळींची भाषाही हिंदीच. म्हणून मी 'गरारी' म्हणतो, पुण्याचे आमचे पाहुणे 'स्प्रॉकेट' म्हणतात. पुस्तकात 'दंतचक्र' असा शब्द आढळेल. तो चांगला आहे, पण दुकानात मागू नका. दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग दातांच्या दवाखान्याकडे बोट दाखवेल.

चेन 'लांबते' म्हणजे काय?

जुनी चेन ढिली झाली, लांबली, असे आपण म्हणतो. लोखंड ताणले गेले, अशी बहुतेकांची समजूत असते. मीही कितीतरी वर्षे वर्गात तसेच सांगितले. खरी गोष्ट वेगळी आहे. चेनची एक जोडणी जवळून पाहा. बाहेरच्या दोन पट्ट्या आणि त्यांत घट्ट बसवलेली पिन. आतल्या दोन पट्ट्या आणि त्यांत घट्ट बसवलेली पोकळ नळी, तिला बुश म्हणतात. पिन या बुशमधून जाते, आणि बुशवर एक रोलर सैल फिरत असतो. गरारीवर चढताना प्रत्येक जोडणी वाकते, उतरताना सरळ होते आणि दर वेळी पिन बुशच्या आत थोडी घासते. तेल असेल तर कमी, धूळ असेल तर जास्त. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल एकदा चेनच्या तेलात मिसळला की त्याचे काम घासकागदासारखे होते.

आता हिशेब पाहू. १०० सीसीच्या पुष्कळ गाड्यांना ४२८ क्रमांकाची चेन असते. पहिला आकडा ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, म्हणजेच अर्धा इंच. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचे हे अंतर, मिलिमीटरमध्ये १२.७. याला पिच म्हणतात. क्रमांक ५ ने सुरू होत असेल तर पिच पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे रुंदीसाठी असतात. समजा चेनमध्ये १०० कड्या आहेत. नवी असताना तिची लांबी १२७० मिलिमीटर. प्रत्येक जोडणीत फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतकी, तर पूर्ण चेन १० मिलिमीटर लांब होते. एक सेंटिमीटर! आणि एकाही पट्टीचे लोखंड ताणले गेलेले नसते.

पिन, बुश आणि रोलर यांची ही रचना हान्स रेनॉल्ड यांची. मूळचे स्वित्झर्लंडचे हे गृहस्थ इंग्लंडात मँचेस्टरला कारखाना चालवत. १८८० साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. त्याआधीच्या साध्या चेनमध्ये पिनचा भार पातळ पट्टीच्या भोकावर पडे आणि भोक लवकर मोठे होई. बुशमुळे तोच भार नळीच्या सगळ्या लांबीवर पसरला. पुढे १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या 'रोव्हर' सायकलने चेनवर चालणारे मागचे चाक लोकप्रिय केले. मोटारसायकलीने ही चेन सायकलकडूनच घेतली आहे. तसे पाहिले तर साखळीने चाक आणि चाकाने साखळी फिरवण्याची कल्पना आपल्या विहिरीवरच्या रहाटालाही ठाऊक होती.

बदलायची वेळ झाली हे कसे ओळखावे

मोजून. कोणी सांगितले म्हणून नव्हे. चेनचा खालचा भाग ताणून धरा. एका पिनच्या मध्यावर खूण करा, तिला शून्य म्हणा आणि विसाव्या पिनच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने अंतर मोजा. २० पिच म्हणजे नव्या चेनचे २५४ मिलिमीटर. आपले माप २५७ आले तर झीज एक टक्क्याच्या पुढे गेली, पैशांची सोय करायला लागा. २५९ आले तर दोन टक्के, आता थांबू नका. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत याहून वेगळी मर्यादा दिलेली असेल तर तीच मानावी. हे मोजमाप तीन-चार ठिकाणी करा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

दुसरी खूण मागच्या गरारीवर मिळते. गरारीच्या अगदी मागच्या बिंदूवर चेन बोटांनी मागे ओढा. दात निम्म्याहून अधिक दिसला तर चेन संपली. दातांचा आकारही पाहा. नवा दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो, झिजलेला दात एका बाजूला वाकून वाघनखासारखा दिसतो.

इथे पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: नुसती चेन बदलली तर चालणार नाही का, गरारी तर अजून फिरते आहे? चालेल, पण थोडेच दिवस. जुनी गरारी आपल्या जुन्या, लांबलेल्या चेनच्या मापाने झिजलेली असते. तिच्यावर १२.७ च्या नेमक्या पिचची नवी चेन चढवली की दोघींचे जमत नाही. सगळा भार मोजक्या दातांवर येतो आणि नवी चेन भराभर झिजते. म्हणून पुढची गरारी, मागची गरारी आणि चेन असा पूर्ण सेट घ्यावा. दुकानात 'चेन सेट' म्हटले की पुरते. गाडीचे नाव आणि वर्ष दोन्ही सांगा, आणि जुन्या गरारीचे दात व चेनच्या कड्या मोजून कागदावर लिहून न्या. कड्यांची संख्या सम येईल. विषम आली तर पुन्हा मोजा. बाहेरची आणि आतली कडी आळीपाळीने येत असल्याने दोन्ही टोके लॉकने जोडायची तर सम संख्याच लागते.

प्रत्यक्ष काम

रविवारची सकाळ निवडा. तासाभराचे काम म्हणतात, पहिल्या खेपेस तीन तास धरा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, खाली जुनी वर्तमानपत्रे. मागच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना बसतील असे दोन पाने, ॲडजस्टरसाठी लहान पाने, नोज प्लायर, पेचकस, स्टीलची पट्टी, चिंध्या आणि सुटे नट ठेवायला एक वाटी. वाटी स्वयंपाकघरातली नको. आमच्या घरी यावरून झालेले बोलणे इथे लिहीत नाही.

पुढच्या गरारीवरचे झाकण आणि चेनचे कव्हर उघडा. टायर हाताने फिरवत चेनचे लॉक मागच्या गरारीवर आणा, म्हणजे दोन्ही बाजू दातांत धरल्या जातात आणि चेन सुटून पडत नाही. लॉकवर एक लहानशी क्लिप असते. तिचे एक टोक बंद, दुसरे माशाच्या शेपटीसारखे उघडे. प्लायरचा एक जबडा उघड्या टोकाला, दुसरा पिनला लावून दाबले की क्लिप सरकून निघते. वर दुसरा हात आडवा धरा, नाहीतर ती उडते आणि मग पूर्ण घर गुडघ्यांवर बसून तिचा शोध घेते.

पुढची गरारी बहुतेक लहान गाड्यांत एका पातळ पट्टीने आणि दोन बोल्टांनी धरलेली असते. हे बोल्ट चेन काढण्याआधीच ढिले करून ठेवा. इंजिन बंदच, फक्त गिअर टाका आणि दुसऱ्या कोणाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे गरारी हाताबरोबर फिरणार नाही. नंतर पुन्हा न्यूट्रल करायला विसरू नका.

मागच्या गरारीसाठी चाक काढावे लागते, आणि इथे मोठे माणूस जवळ हवेच. ब्रेकचा रॉड, ब्रेकच्या पाळीला अडवून धरणारी पट्टी, मग ॲक्सल, या क्रमाने सोडवा. जो भाग काढाल तो त्याच क्रमाने कागदावर मांडत जा. उलट्या क्रमाने बसवायचे आहे. चाक निघालेच आहे तर गरारीमागचे रबर पाहून घ्या, चिरले असेल तर बदला. जोडताना ब्रेकची ती पट्टी राहून गेली तर ब्रेक दाबताच ब्रेकची पाळीच फिरेल आणि रॉड वाकेल. पट्टीच्या बोल्टाला कॉटर पिन असते, ती नवी घाला. दहा रुपयांची बचत इथे करू नये.

चाक परत बसवले की दोन्ही ॲडजस्टर ढिले करून चाक शक्य तितके पुढे सरकवा. नवी चेन जुनीपेक्षा आखूड असते, हे आपण वर मोजलेच आहे. तिच्यावर कारखान्यातले ग्रीस असते, ते धुऊ नका. दोन्ही गराऱ्यांवरून चेन ओवा आणि टोके मागच्या गरारीच्या दातांवर एकमेकांसमोर आणा.

लॉकची क्लिप

आता जे लिहितो ते पूर्ण पाठात सर्वांत महत्त्वाचे. लॉक आतून घालायचे, बाहेरून पट्टी बसवायची आणि तिच्यावर क्लिप. क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवे. चेनच्या वरच्या भागात लॉक असेल तर बंद टोक गाडीच्या पुढच्या बाजूस, खालच्या भागात असेल तर मागच्या बाजूस.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली, १९९० नंतरची गोष्ट. सेकंडहँड गाडी, पगार बेताचा, चेन मीच बदलली आणि त्याचा मला अभिमानही वाटला. आठवड्याने पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन महूकडे निघालो. राऊच्या पुढे एकाएकी मागून मोठा आवाज झाला आणि इंजिन नुसतेच घरघरू लागले. चेन निघून रस्त्यावर पडली होती, कव्हर फाटून वळले होते. मागून येणाऱ्या ट्रकने वेळेवर ब्रेक लावला. चेन चाकात अडकली असती तर चाक जागीच थांबले असते. तसे झाले नाही, एवढेच. गाडी ढकलत जवळच्या दुकानी नेली. तिथल्या वयस्कर मिस्त्रीने चेन उचलून पाहिली, लॉकवर क्लिप नव्हती. त्यांनी विचारले, "मास्टरसाहब, लॉक उल्टा तो नहीं लगाया था?" मला उलटे-सुलटे असते हेच माहीत नव्हते. मग त्यांनी समजावले. उघडे टोक पुढे धावत असले की कव्हर, काडी, गोटा, जे लागेल ते त्या टोकाला मागे ढकलते आणि क्लिप खाचेतून निघते. बंद टोक पुढे असले की तोच धक्का क्लिपला अधिक घट्ट बसवतो. मुलगी आता स्वतः गाडी चालवते. मी अजून तिच्या गाडीच्या लॉककडे पाहिल्याशिवाय तिला निरोप देत नाही.

क्लिप दोन्ही पिनच्या खाचांत पूर्ण गेली की नाही ते नखाने चाचपून पाहा. मोठ्या गाड्यांत रबरी रिंगांची, रिव्हेट केलेली चेन असते. तिला वेगळे हत्यार लागते, ती घरी करू नये.

ताण आणि ब्रेक

मागच्या गरारीपासून पुढच्या गरारीपर्यंत खालच्या चेनचा मध्य शोधा. तिथे चेन वर-खाली मिळून साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहा आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे हे माप ठेवा. 'थोडी कसून ठेवा, पुन्हा ढिली व्हायला नको' असा आग्रह घरातले कोणीतरी धरतेच. तो मानू नका. मागचे चाक ज्या चिमट्यावर आहे त्याची खीळ आणि पुढची गरारी एका जागी नसतात. गाडीवर माणसे बसली, खड्डा आला, चिमटा वर-खाली झाला की दोन्ही गराऱ्यांतले अंतर बदलते. चेनला ढील नसेल तर हा ओढा गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर जातो, आणि तो खर्च दहा चेन सेटच्या पुढचा आहे. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या रेघेवर हव्यात, नाहीतर चाक तिरके राहते.

ॲक्सलचा नट कसल्यावर आणखी एक गोष्ट लोक विसरतात. चाक पुढे सरकले म्हणजे ब्रेकच्या रॉडचे मापही बदलले. मागच्या पायडलची ढील आणि ब्रेकचा दिवा दोन्ही तपासा. पहिली फेरी गल्लीतच, हळू. मग एकदा ओळखीच्या मिस्त्रीकडून ॲक्सलचा नट मापाने कसून घ्यावा, यात कमीपणा नाही. नंतर साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पावसात त्याहून लवकर, चेन घासलेट किंवा डिझेलने पुसून आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑइल सोडावे. पेट्रोलने धुऊ नये. एक ठिणगी पुरते.

चेन बदलायला परवाना लागत नाही, गाडी चालवायला लागतो. गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा गल्लीतली ती पहिली फेरी वडिलांनी किंवा आईने मारावी, तुम्ही बाजूला उभे राहून आवाज ऐकावा.

विश्वस्त मंडळींकडे एक मागणी आहे. प्रयोगशाळेमागची खोली रिकामी आहे. तिथे एक भक्कम टेबल, एक शिकंजा आणि पान्यांचा संच मिळाला तर शनिवारचा एक तास मी स्वतः घेईन. 'मुलांना मिस्त्री करायचे आहे का?' असे मागच्या सभेत एका पालकांनी विचारले. मिस्त्रींची मुलेही आपल्याच बाकांवर बसतात, त्यांच्यासमोर हा प्रश्न मला नीट वाटला नाही. बोट गमावलेल्या आपल्या विद्यार्थ्याने पहिल्या शनिवारी क्लिप बसवून दाखवण्याचे कबूल केले आहे.

स्वाध्याय

१. पुढच्या गरारीला १४ आणि मागच्या गरारीला ४२ दात आहेत. मागचे चाक एकदा फिरले तर पुढची गरारी किती वेळा फिरेल? पुढे १५ दातांची बसवली तर चढावर काय फरक पडेल?

२. १०४ कड्यांच्या ४२८ चेनमध्ये प्रत्येक जोडणी ०.१५ मिलिमीटर झिजली. चेन किती लांबली? टक्केवारी काढा आणि ती बदलावी का ते सांगा.

३. घरच्या मोटारसायकलचे २० पिच मोजून आकडा शनिवारी आणा, सोबत मोजताना किल्ली कोणाच्या खिशात होती हे पालकांनी लिहून सही करावी. घरी स्कूटर असेल तर सायकलची चेन मोजा. तिचाही पिच १२.७ च आहे. मग रुंदी मोजा आणि दोन्ही चेन वेगळ्या का, याचा विचार करून या.